निसचा खर्ज

आमच्या गावातल्या अर्ध्या घरांत निस ब्रामसेननं पाणी आणलं आणि उरलेल्या अर्ध्या घरांतलं गळणारं पाणी थांबवलं. प्लंबर तो. आता हातात पाना धरत नाही, पण कुणाकडं कॉफीला गेला तर आधी हीटरला कान लावणार, "हवा धरलीय" म्हणून तोंड वाकडं करणार आणि मगच खुर्चीवर टेकणार. त्याच्या स्वयंपाकघराची भिंत आणि माझ्या बेकरीची भिंत एकच. तेव्हा मी, अबेलोने, त्याच्याबद्दल जे सांगते ते ऐकीव नाही. बरंचसं भिंतीतून आलेलं आहे.

पण नळ दुरुस्त करणारे आमच्या युटलंड मुलखात ढिगानं आहेत. निसची खरी ओळख त्याचा ट्युबा, तो पोटाएवढा पितळी भोंगा. ईस्टरला आमची बंधुमंडळी, म्हणजे आमच्या पंथाची ख्रिस्ती मंडळी, गावाला झोपू देत नाही. पहाटे अंधारात पितळी वाद्यं घेऊन वाजंत्री निघतात, कोपऱ्याकोपऱ्यावर भजन वाजवून लोकांना उठवतात. मग देवळात जमायचं, तिथून रांगेनं देवाच्या शेतात जायचं. देवाचं शेत म्हणजे आमचं कबरस्तान. आमच्या लोकांनी नावंसुद्धा आशा धरूनच ठेवलीत, शेत म्हटलं की काहीतरी उगवणार हे आलंच. तिथं थडग्यांच्या मध्ये उभं राहायचं, वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायची, आणि सूर्य वर आला की पाळक म्हणणार, "प्रभू उठला आहे!" आपण म्हणायचं, "खरोखर उठला आहे!" की पुन्हा वाजंत्री सुरू. शेवटल्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील असं आम्हाला शिकवलंय ना, मग दरवर्षी एक तालीम झालेली बरी, असा आमचा सरळ विचार.

एके काळी वाजंत्र्यांची ही फलटण होती. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांचा म्होरक्या लाउस्ट, निवृत्त पोस्टमन. तो कर्ण्यावर चाल वाजवतो, आणि अशा तोऱ्यात वाजवतो की जणू पुनरुत्थानाची बातमी यानंच सायकलवरून घरोघर पोचवली. निसकडं खर्ज. जन्मभर खर्जच. वासरू पोटाशी धरावं तसा तो ट्युबा कवटाळून गल्लीतून चालायचा आणि लाउस्टच्या चालीखाली भोंऽ भोंऽ करत राहायचा. "चाल वाजवावीशी वाटत नाही का रे कधी?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "छतावरचा वाऱ्याचा कोंबडा सगळ्यांना दिसतो, अबेलोने. पाइप भिंतीतच बरे."

गावाला निस उठवायचा, आणि निसला बोटिला. त्याची बायको. हा माणूस इतका झोपाळू की त्याच्या उशाशी घड्याळं ठेवून उपयोग नसायचा. ईस्टरच्या पहाटे मला भिंतीतून तिचा आवाज यायचा, "नीऽस! ए नीऽस! ऊठ की, त्या बिचाऱ्या प्रभूनं थडग्यावरचा दगड सरकवला आणि तुला पांघरूण सरकवत नाही!" मग धडपड, मग खोकला, मग कॉफीची किटली. माझा ईस्टर तिथंच सुरू व्हायचा. वाजंत्री नंतर.

गेल्या शरदात बोटिला गेली. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत दुखणं कळलं आणि झाडाची पानं गळायच्या आत सगळं संपलं. माझी मैत्रीण होती ती, शाळेपासूनची. अजून केकचं पीठ मळताना मी भिंतीशी काहीतरी बोलून जाते आणि मग पीठ आणखी जोरात तिंबते.

आता आमची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या शेतात नवराबायको शेजारी शेजारी नसतात. बायका, म्हणजे मंडळीतल्या बहिणी, एका बाजूला, पुरुष, म्हणजे भाऊ, दुसऱ्या बाजूला, मध्ये लिंडनच्या झाडांचा रस्ता. ज्या क्रमानं बोलावणं येईल त्या क्रमानं जागा. सगळे दगड सारखे, सपाट, जमिनीलगत. बँकवाल्याचाही तेवढाच, मोलकरणीचाही तेवढाच. लहानपणापासून हे बघत आलोय, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. निसलाही वाटलं नव्हतं. बोटिलाला माती दिल्यावर मात्र तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, एकदा तिकडं बघितलं, एकदा इकडं बघितलं, आणि मला म्हणाला, "हा रस्ता एवढा रुंद होता?"

मी म्हटलं, "होता तेवढाच आहे."

"नाही," तो म्हणाला आणि टोपी घालून एकटाच निघून गेला.

हिवाळाभर तो तालमीला गेला नाही. आधी सर्दी, मग दात, मग म्हणे पायऱ्यांवर बर्फ आहे. लाउस्ट चिडून म्हणाला, "वाजवायचं नसेल तर ट्युबा तरी परत दे, मंडळीचा आहे तो." त्यावर निस म्हणाला, "उद्या देतो." तो उद्या काही उगवला नाही. ट्युबा त्याच्या घरातच राहिला, दाराशी खुंटीवरच्या बोटिलाच्या कोटाखाली.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आमच्या पाळकबाई थीरा स्वतः माझ्या बेकरीत आल्या, कारण निस रोज सकाळी तिथंच बसायचा. पोरगी तरुण आहे, चाळिशीही नाही, पण कुणाच्या मनात बूट घालून शिरत नाही. केक मागितला, त्याच्यासमोर बसली.

"भाऊ निस, यंदा खर्ज नाही म्हणे? ओठ दुखतात का?"

"ओठ ठणठणीत आहेत," निस म्हणाला. "मला खोटं वाजवायचं नाही, पाळकबाई."

मी काउंटरमागं होते, पण कान काही काउंटरमागं नव्हते.

"मला तुमच्यासारखं शिकलेलं बोलता येत नाही," निस म्हणाला. "माझं साधं आहे. प्रभू उठला असेल, तर बोटिलाही उठेल, मीही उठेन आणि तो रस्ता ओलांडायला एक टांग पुरे. नसेल उठला, तर ती त्या बाजूला आणि मी या बाजूला. कायमचे. पन्नास वर्षं एका पांघरुणात काढली आणि शेवटी ही वाटणी! तुमच्यासाठी हा सण आहे. माझ्यासाठी तो रस्ता आहे."

"त्याची कबर रिकामी होती, निस," थीरा हळूच म्हणाली.

"जन्मभर रिकाम्या टाक्या बघितल्यात मी. टाकी रिकामी दिसली की मी स्तोत्र म्हणत नाही, गळती शोधतो."

मला फस्सकन हसू आलं आणि मी जीभ चावली. पण पाळकबाईही हसली. तेव्हापासून ती मला जास्त आवडते.

"पुरावा माझ्याकडंही नाही," ती म्हणाली. "प्रेषित पौल तर सरळच म्हणतो, तो उठला नसेल तर आपण सगळे मूर्ख. मधला रस्ता नाही. मी रोज सकाळी त्या विश्वासाच्या फळीवर पाय ठेवते आणि कधी कधी ती करकरते. पण मला थॉमसची गोष्ट आवडते. बाकीचे शिष्य त्याला म्हणाले, आम्ही उठलेला प्रभू पाहिला. हा म्हणाला, मी त्याच्या जखमांत बोट घालून बघितल्याशिवाय मानणार नाही. त्यानंतर आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही. पण एवढं नक्की, की आठव्या दिवशी थॉमस त्याच खोलीत होता. त्यांनी त्याला हाकललं नाही आणि तोही रुसून गेला नाही. एकाच ताटातलं खात असतील."

निसनं कप बशीत फिरवला. "पण त्याला शेवटी दिसला," तो म्हणाला. "मला काय दिसणार? माझे आठ दिवस कधी संपणार?"

थीरानं आपला अर्धा केक त्याच्या बशीत सरकवला. 

"आणि एक सांगून ठेवतो," निस उठता उठता म्हणाला. "पलीकडच्या गावच्या कबरस्तानात नवराबायकोला शेजारी जागा मिळते. ईस्टर झाला की मी बोटिलाला तिकडं हलवणार. तुमची परवानगी लागेल. तेवढी द्या."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. बोटिलाला उकरायचं? तिच्या आईजवळून, बहिणींजवळून? आणि तो तिकडं गेला म्हणजे मंडळीतूनही गेलाच की! पाळकबाई गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "अरे, प्रभू उठला ही जगातली सगळ्यात मोठी बातमी देवानं पहिल्यांदा बायकांना सांगितली, आणि तुझ्यासारख्या बाप्यांनी ती बडबड म्हणून उडवून लावली! तुझी जात तीच!"

"आणि तू त्या बायकांतली?"

"हो तर!"

"मग तू पाहिलंस त्याला?"

खरं सांगायचं तर कितीतरी सकाळी मी सवयीनं विश्वास ठेवते, जसं सवयीनं भट्टी पेटवते. बोटिला गेल्यापासून जास्तच. पण हे त्याला कशाला सांगू? म्हटलं, "तुझ्या कॉफीत माशी पडलीय," आणि आत निघून गेले. माशीबिशी काही नव्हती.

त्यातच यंदा ईस्टर आणि उन्हाळ्यासाठी सगळ्या देशानं घड्याळं तासभर पुढं करायचा रविवार एकाच दिवशी आले. सगळ्या गावाची कुरकुर. आधीच पहाटे उठायचं, त्यात सरकार आणखी एक तास पळवणार! शनिवारी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, घड्याळ केलंस का पुढं, केलंस का? निसच्या घरातलं घड्याळ पुढंमागं करायचं काम बोटिलाचं. या वेळी निसनं ते स्वतः केलं. दुपारी आठवलं तेव्हा विसरायला नको म्हणून लगेच एक तास पुढं केलं. झोपताना पुन्हा आठवलं, 'घड्याळ!' म्हणून दचकला, आणि पुन्हा एक तास पुढं केलं. हे नंतर कळलं. त्या रात्री कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. तो ठरवून झोपला होता, की वाजंत्री आले तरी उठायचं नाही, उशी कानावर दाबून पडायचं. पण ज्या माणसाला जन्मभर हलवून उठवावं लागलं, तो त्या पहाटे आपोआप जागा झाला. घड्याळात पाच वाजलेले. वाजंत्री पाचला आमच्या कोपऱ्यावर येतात. त्यानं उशी कानावर घेतली आणि वाट बघत पडला. काही नाही. उशी काढली. काही नाही. सव्वापाच. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकेना. साडेपाच झाले, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घड्याळं! सगळे गाढव घड्याळं पुढं करायला विसरले! सगळं गाव घोरत पडलंय, लाउस्टसकट!

"मला आधी आनंद व्हायला हवा होता," तो मला म्हणाला. "सुटलो, म्हणायला हवं होतं. पण मला धडकीच भरली गं. म्हटलं, आता सूर्य उगवणार आणि शेतात कुणीच नसणार. तिचं नाव कुणी वाचणार नाही. तो उठला आहे, असं कुणी म्हणणारच नाही. खरं की खोटं ते राहू दे, पण म्हणणारंच कुणी नाही! ते मला सोसेना."

इकडं मी गाढ झोपेत. माझा गजर व्हायला अजून वेळ होता. आणि खिडकीखाली एकदम भोंऽऽऽ! मला वाटलं कुणाची गाय अडली. मग पुन्हा भोंऽ, भोंऽ, दोन सूर खाली, थांबला, पुन्हा भोंऽ. धडपडत खिडकी उघडली. खाली निस! अंगात कोट, कोटाखाली झोपायची विजार, डोक्यावर रविवारची टोपी आणि पोटाशी ट्युबा.

"अरे मेल्या, आत्ता कुठं साडेचार वाजलेत! वेड लागलं का?"

"साडेपाच वाजून गेलेत!" तो खालून ओरडला. "तुम्ही मेलात का सगळे? उठा! घड्याळं बघा!"

"तू बघ घड्याळ! साडेचार म्हणते ना मी!"

पण तो कुठला ऐकतो? पुन्हा तोंड लावलं. समोरची खिडकी उघडली, तिच्यातून शिवी आली. शेजारची उघडली, तिच्यातून चप्पल आली. कुत्री सुरू झाली. आणि हा भल्या अंधारात, चंद्राच्या उजेडात एकटा गल्लीच्या मधोमध उभा राहून वाजवतोय, तेही काय, तर नुसता खर्ज! दुसरं त्याला येतच नव्हतं. कुणी अनोळखी माणूस असता तर त्याला कळलंही नसतं की हे भजन आहे.

पण आम्ही अनोळखी नव्हतो. तुम्ही कधी ऐकलाय का असा एकटा खर्ज? गाण्यातून चाल काढून घेतली की खाली उरतं ते. मी संतापानं खिडकी लावायला हात उचलला होता, आणि माझ्या घशात ती चाल आपोआप आली. मी गात नव्हते, ती येत होती. तोवर वरच्या गल्लीतून लाउस्टची खिडकी धाडकन उघडली. आता हा शिव्यांची लाखोली वाहणार, असं वाटलं. क्षणभर तो ऐकत राहिला. मग त्या म्हाताऱ्यानं, डोक्यावर झोपायची टोपी तशीच, त्याच्या फाटक्या आवाजात चाल धरली. मग मी धरली. मग चप्पल फेकणारीनं धरली. एकेक खिडकी उघडत गेली आणि एकेक आवाज येऊन खाली त्या खर्जावर बसत गेला. साठ वर्षं मी ते भजन ऐकतेय. असं कधी ऐकलं नव्हतं. मी रडत होते, आणि लाज वाटली नाही.

निसनं मान वर करून खिडक्यांकडं बघितलं. थांबला नाही. गालावरून पाणी मिशीत उतरत होतं, तरी गडी वाजवतच होता. शेवटची ओळ संपली, तेव्हा लाउस्ट वरून ओरडला, "आता चालीसकट वाजवू या का, गाढवा? की आणखी तासभर आम्हाला असंच थंडीत उभं करणार?"

मग काय, झोप तर उडालीच होती. मी भट्टी पेटवली, अर्धी गल्ली माझ्याकडं कॉफीला जमली, कुणाच्या अंगात स्वेटर उलटा, कुणाच्या पायात दोन वेगळे मोजे. निसच्या घड्याळाची गोष्ट उलगडली तसे लोक पोट धरधरून हसले. "बोटिला असती तर," कुणीतरी म्हणालं, आणि हसू थोडं खाली आलं, पण गेलं नाही.

उजाडायच्या बेताला आम्ही देवाच्या शेतात पोचलो. वाजंत्र्यांची जागा लिंडनच्या झाडांखाली, रस्त्यावर. निस तिथं थांबला नाही. ट्युबा घेऊन सरळ बहिणींच्या बाजूला गेला, बोटिलाच्या दगडाशी उभा राहिला. एकटा बाप्या, सगळ्या बायकांत. लाउस्टनं डोळे वटारले, मानेनं इकडं ये म्हणून खुणावलं, मग खांदे उडवून नाद सोडला.

पाळकबाईंनी नावं वाचली. बोटिलाचं नाव आलं तेव्हा मी निसचा कोट धरला, त्याला आधार म्हणून की मला, कोण जाणे. झाडांमागून सूर्य वर आला.

"प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सगळं शेत म्हणालं. मी शेजारीच होते. निस म्हणाला नाही. ओठ घट्ट मिटलेले. पण लाउस्टनं हात वर करायच्या आतच, सगळ्यांच्या आधी, खर्ज सुरू झाला होता. लाउस्टला घाईघाईनं आपली चाल त्यावर बसवावी लागली.

संपल्यावर लोक कॉफीकडं वळले. मला राहवलं नाही. "काय रे, बसला का विश्वास?"

"मला चाल येत नाही, अबेलोने," निस म्हणाला. "कधीच आली नाही. खर्ज तेवढा येतो. पहाटे तुम्ही चाल धरलीत म्हणून त्याचं भजन झालं, नाहीतर माझी नुसती बोंब होती." मग म्हणाला, "तुम्ही धरत जा. मी खाली आहे."

तेवढ्यात थीरा आली. तिचा चेहरा पडलेला होता. हात चोळत म्हणाली, "भाऊ निस, त्या परवानगीचं... पुढच्या आठवड्यात बसू या का?"

निसनं बोटिलाच्या दगडावरचं एक पान उचलून फेकलं. मग भावांच्या बाजूला बघितलं, जिथं गवताचा एक मोकळा तुकडा आहे आणि एक ना एक दिवस त्याला जायचंय. मधला रस्ता बघितला. ट्युबा खांद्यावर घेतला.

"राहू दे तिला तिच्या जागी, पाळकबाई," तो म्हणाला. "फार लांब नाही ते. कुणी वाजवलं, तर दोन्हीकडं ऐकू जाईल."